किड्याचा वाटा

माझ्या आजीच्या घरात ढेकणाला वाटा नव्हता. बाकी बहुतेकांना होता. ओसरीच्या आढ्याला चिमण्यांसाठी ज्वारीची कणसं टांगलेली असत. वारुळापाशी मुंग्यांसाठी चिमूटभर पीठ पडे. परसातली चार किडकी वांगी अळीच्या नावानं सोडलेली असत आणि शेवटी गाईच्या पुढ्यात जात. पालीवर कुणी झाडू उगारला की आजी खेकसायची, "काहून मारतं रे तिले? तुह्याहून जास्त काम करते थे."

गाव अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी असं की डाळ शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेला की माणसं दारं लोटून पडून राहत, आणि नेमकं तेव्हा आजीचं काम सुरू होई. बाजा अंगणात यायच्या. त्यांच्या सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतलं जायचं, मग त्या तीन-चार दिवस उन्हात उभ्या. गोधड्या गोठ्याच्या पत्र्यावर. दुपारी आजी डोक्यावरचा पदर ओढून बाहेर जायची, गोधड्या उलटायची आणि आत येऊन म्हणायची, "तपू दे त्याईले." ढेकणांबद्दल तिच्या आवाजात कुठलीही माया नसे.

अकोल्याच्या उन्हाला सगळेच शिव्या देतात. मीही दिल्या आहेत. पण आमच्या भागातलं पहिलं कीटकनाशक कोणतं असं कुणी विचारलं तर मी कडूलिंबाच्याही आधी ऊन म्हणेन. धान्यातले सोंडे आणि भुंगे ५० अंशांच्या पुढं फार वेळ तगत नाहीत, आणि मेमधल्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून बघा. अट एवढीच की थर पातळ हवा. आजी गहू-ज्वारी पसरायची तेव्हा दाण्यावर दाणा चढू द्यायची नाही, दर तासाला पाय ओढत त्यातून चालत जायची आणि मागं नांगरटीसारख्या रेघा राहायच्या. शेतातही तेच चाललेलं असे. उन्हाळ्यात खोल नांगरट केली की जमिनीतले कोष वर येतात, काही उन्हानं जातात, उरलेले बगळे आणि साळुंक्या वेचतात. नांगरामागं चालणारे बगळे बघितले की मला अजून आजीची ती तुरुतुरु चाल आठवते.

तुरीचं प्रकरण वेगळं होतं. तुरीचा भुंगा घरातच लागतो असं नाही, तो शेतातूनही शेंगेवरच्या अंड्यांतून येतो. त्याची अळी एका दाण्यात शिरते, तिथंच मोठी होते आणि गोल दार करून बाहेर पडते. म्हणून आजी सबंध तूर फार दिवस ठेवायची नाही. खळं झालं की भिजवणं, वाळवणं आणि जात्यावर डाळ. फुटलेल्या डाळीला भुंगा फार कमी लागतो, कारण अळीला सबंध दाण्याची खोली लागते आणि डाळीत खोलीच उरत नाही. जी थोडी तूर बियाण्यासाठी राखायची तिला एरंडेलाचा हात. तेलाचा तो पापुद्रा अंड्याचा श्वास कोंडतो. ज्वारीच्या बियाण्यात गोवरीची चाळलेली राख. राखेनं किड्याच्या अंगावरचं मेण घासलं जातं आणि तो आतल्या आत वाळून मरतो, शिवाय दाण्यादाण्यांमधली वाट बुजते ती वेगळी. हे मला पुढं वाचून कळलं. आजीला कारण ठाऊक नव्हतं, प्रमाण ठाऊक होतं. पायलीला किती मुठी राख, हे ती झोपेतसुद्धा सांगायची.

कडूलिंबाच्या पाल्याबद्दल मात्र माझं मत जरा वाकडं आहे. गव्हाच्या कोठीत पाला घातला की झालं, असं आता जो तो सांगतो. पाला ओला राहिला तर गव्हाला बुरशी धरते. सावलीत कडकडीत वाळवून घातला तरी तो एकटा फारसं काही करत नाही. आजीच्या कोठीत किडा नव्हता याचं श्रेय दहा आणे उन्हाचं, चार आणे सुपाचं आणि दोन आणे पाल्याचं. फोटोत पालाच चांगला दिसतो, म्हणून नाव त्याचं झालं.

आणि आजी काही नव्याच्या विरोधात नव्हती. देशात १९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि डीडीटीची फवारणी घराघरांत पोचली. माझ्या लहानपणी, साठीच्या दशकात, पाठीवर पंप घेतलेली माणसं यायची, भिंतीवर पांढुरका हात मारायची आणि दाराच्या चौकटीवर खडूनं तारीख टाकून जायची. डीडीटीचा हा गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ चं नोबेल मिळालं होतं, हे आजीच्या कानावर यायचं कारण नव्हतं. पण पहिल्या फवारणीनंतर घरातले ढेकूण गेले हे तिनं पाहिलं होतं. पुढच्या खेपेला तिनं फवारणीवाल्याला बसवून घेतलं आणि ताक पाजलं. "देवमाणूस हाय," म्हणाली. काही वर्षांनी ढेकूण परत आले. या वेळी फवारणी झाली तरी ते भिंतीवरून निवांत फिरत होते. आजीनं पुन्हा बाजा उन्हात काढल्या. त्या माणसाला ताक मात्र तिनं शेवटपर्यंत पाजलं, त्याचा काय दोष.

बाबांनी तालुक्याहून गॅमेक्सिनचा डबा आणला तेव्हा आजी थकली होती. बाबा ती भुकटी कणगीच्या बुडाशी, उंबऱ्याला, मोरीत, सगळीकडे मारायचे. वास आठवला तर अजून नाकात बसतो, कुबट आणि गोडसर. सुपानं पाखडताना वाऱ्यावर ती भुकटी ज्वारीत किती गेली असेल, आम्ही किती खाल्ली असेल, याचा हिशोब नाही. १९९७ मध्ये देशात तिच्यावर बंदी आली. डबा रिकामा झाल्यावर धुऊन आमच्याकडे त्यात बरीच वर्षं मीठ ठेवलं होतं, हेही सांगून टाकते.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, अजून तिथंच कपाशी करतो. त्याच्या हयातीत कपाशीची अळी तीनदा बदलली आणि औषधं किती बदलली ते त्यालाही सांगता येत नाही. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पहिली काही वर्षं बोंडं स्वच्छ निघाली, फवारे कमी झाले, दादानं ट्रॅक्टर घेतला. मग गुलाबी बोंडअळीनं त्या बियाण्यालाही दाद देणं सोडलं. २०१७ च्या हंगामात वऱ्हाडभर बोंडं वरून हिरवीगार आणि आतून पोखरलेली निघाली. त्याच वर्षी पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले. पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, वारा पडलेला, अंगात घामानं चिकटलेला सदरा, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. दादा त्या दिवसांत फोनवर फार बोलायचा नाही. एकदा एवढंच म्हणाला, "आपल्या गड्याले म्या दोन दिवस घरी बसवलं. अळी खाईन तं खाऊ दे."

त्यानंतर त्यानं शेतात कामगंध सापळे लावले. मी दिवाळीत गेले तेव्हा त्यानं मला ते दाखवले. काडीला टांगलेली प्लास्टिकची पिशवी, वर टोपी, टोपीत मादीच्या वासाची इवलीशी गोळी. नर पतंग बिचारे वासाला भुलून आत पडतात. सापळ्यांचं मुख्य काम मोजणीचं आहे. कृषी विद्यापीठाचं सांगणं असं की सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन रात्री सापडले, किंवा शंभरातली दहा फुलं-बोंडं किडकी निघाली, तर औषधाचा विचार करा. त्याला ते आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात.

"आणि आठच्या खाली असले तर?" मी विचारलं.

"तं तो त्याईचा वाटा," दादा म्हणाला. आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. एकाच म्हातारीच्या हातचं खाऊन वाढलो होतो.

अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. तिथल्या शास्त्रज्ञांनी पतंग मोजून जे लिहिलं ते आजी न मोजता करत होती, असं म्हणायचा मोह मला होतो. पण ते अर्धवट खरं आहे. आजीच्या परसात चुलीसाठी पऱ्हाट्यांची गंज वर्षभर रचलेली असायची, आणि गुलाबी बोंडअळी त्याच पऱ्हाट्यांवरच्या वाळक्या बोंडांत, सरकीच्या पोटात, झोपून राहते आणि पाऊस पडला की उठते. म्हणजे मुंगीला पीठ घालणाऱ्या आजीनं अळीला नकळत बारमाही खोली दिली होती. फरदड, म्हणजे जुन्याच झाडांवरचं पुढचं पीक, घेऊ नका, डिसेंबरच्या शेवटापर्यंत पराटी उपटा, पऱ्हाट्या शेताच्या कडेला रचू नका, आणि हंगामात डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा, हे विद्यापीठ घसा कोरडा होईतो सांगतं. अळी लागलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या मिटूनच राहतात, ती डोमकळी. शब्द इतका सुंदर आहे की ती तोडायला हात धजू नये. दादाची बायको मात्र सकाळी ओटी बांधून निघते आणि दुपारपर्यंत ओटीभर डोमकळ्या तोडून आणते. नैसर्गिक कीडनियंत्रण म्हणतात ते बहुतेक वेळा हे असं असतं, एका बाईची एक सकाळ. त्याची मजुरी कुणी धरत नाही, म्हणून ते स्वस्त वाटतं.

लग्न होऊन मी अमरावतीला आले. नोकरी असेतो बागेच्या नावानं तुळस आणि एक मनीप्लँट. निवृत्त झाल्यावर गच्चीवर पंचवीस-तीस कुंड्या झाल्या आणि मला एकाएकी सगळं नैसर्गिक करायचं सुचलं. अमरावती ही तशी या विचाराची पंढरीच. सुभाष पाळेकर याच जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या झिरो बजेट शेतीचं नाव आंध्रापर्यंत गाजलं. मला ती सगळी मांडणी पटत नाही. एका देशी गाईच्या शेणावर तीस एकर पिकतं हे ऐकलं की मी हिशोबाची वही शोधू लागते. पण पाल्याच्या अर्काची त्यांच्याकडची रीत मला आवडली, कारण तिच्या मुळाशी खेड्यातलं साधं निरीक्षण आहे, ज्या पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही तो घ्यायचा. कडूलिंब, निरगुडी, करंज, रुई, एरंड, सीताफळ, घाणेरी, पपई, कण्हेर, गुळवेल. झाडाला पळता येत नाही, म्हणून ज्यानं त्यानं आपापलं विष तयार केलेलं. ते सगळं शेण-गोमूत्राच्या पाण्यात महिनाभर कुजवायचं की झाला दशपर्णी अर्क.

मी तो गच्चीवर निळ्या पिंपात केला. आठव्या दिवशी शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "ताई, तुमच्याकडे वर काही मेलं का?" पंधराव्या दिवशी त्यांनी विचारणं बंद केलं आणि खिडक्या लावून घेतल्या. अर्क झाला, गाळला, फवारला. भेंडीवरचे तुडतुडे कमी झाले हे खरं. त्याच हातानं मी संध्याकाळी डोळे चोळले आणि रात्रभर डोळे लाल करून बसले हेही खरं. दशपर्णीत रुईचा चीक आहे, कण्हेर आहे. कण्हेर खाऊन माणसं मेलेली आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत, तरी बाटलीवर नैसर्गिक लिहिलं की आपण हातमोजे घालत नाही. तंबाखूच्या काढ्याचंही तसंच. निकोटीन हे जबर विष आहे, ते गाठीच्या पुडीतून आलं काय नि कारखान्यातून आलं काय. भाजीवर तो काढा मारायचा सल्ला देणाऱ्यांना मी आता सरळ नाही म्हणते.

त्यापेक्षा निंबोळी बरी. जूनच्या आरंभी इथल्या कॅम्प भागातल्या रस्त्यांवर निंबोळ्यांचा सडा पडतो. पाऊस लागायच्या आत वेचायच्या, गर धुवायचा, सावलीत वाळवायच्या. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर फडक्यात बांधून भिजत, सकाळी पिळून घ्यायची, चिमूटभर साबण. फवारायचं संध्याकाळी, कारण तिच्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन उन्हात विरून जातं. आणि दुसऱ्या दिवशी अळ्या मेलेल्या दिसणार नाहीत, हे आधीच मनाशी धरायचं. निंबोळी मारत नाही. ती अळीची भूक मोडते आणि तिला कात टाकू देत नाही. अळी पानावर बसून राहते, आणि एक दिवस नसते. मेलेलं बघण्याची आपल्याला सवय झाली आहे, म्हणून लोक दोन दिवसांत म्हणतात, काही उपयोग नाही झाला.

हा गुण जगाला कसा कळला तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली, सगळं हिरवं फस्त झालं, आणि हाइनरिख श्मुटरर या जर्मन शास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं की कडूलिंबाची झाडं तेवढी उभी आहेत. तिथून प्रयोगशाळा मागं लागल्या. पुढं निंबोळीच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर १९९४ मध्ये युरोपात पेटंटही दिलं गेलं, भारतातून भांडणारे भांडले, २००० मध्ये ते रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. आम्हाला टोळ बघायला मात्र २०२० उजाडावं लागलं. त्या मे महिन्यात मध्यप्रदेशातून टोळधाड वरूड-मोर्शीकडे उतरली. माझे दीर वरूडकडे संत्र्याची बाग करतात. फोन लावला तर पलीकडून थाळ्या, डबे आणि आरडाओरडा. "वहिनी, मंग बोलतो," एवढंच ऐकू आलं. थाळ्या वाजवायचा सराव करोनाच्या नावानं दोन महिन्यांपूर्वीच सगळ्या देशानं केलेला होता, तो इथं तरी कामी आला.

याच दिरांनी माझी गुळवेल काढायला लावली. करोनात मीही इतरांसारखी फाटकाशेजारच्या कडूलिंबावर गुळवेल चढवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काड्या वाटत होते. भाऊजी आले, वर बघितलं आणि म्हणाले, "हे बागंच्या आसपास ठेवत नाही आम्ही." संत्र्यातला रस शोषणारा पतंग रात्री येतो, फळाला सोंड खुपसतो, दुसऱ्या आठवड्यात फळ गळतं. त्याची अळी संत्र्यावर वाढत नाही, गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. म्हणून आंबिया बहराच्या वेळी बागाईतदार धुऱ्यावरची गुळवेल शोधून उपटतात आणि संध्याकाळी बागेत ओल्या पाल्याचा धूर करतात. माझ्या अमरावतीच्या गुळवेलीवरून वरुडाची संत्री गळायची नाहीत हे भाऊजींनाही कळत होतं. पण त्यांना ती बघवेना, आणि मला त्यांचं बघवेना. एकाचं औषध ते दुसऱ्याच्या शत्रूचं पाळणाघर, हे कुठल्याही पाल्याच्या यादीत लिहिलेलं नसतं.

आता जास्वंदीचं सांगते, कारण तिनं मला सगळ्यात जास्त शिकवलं.

दसऱ्याच्या सुमाराला लाल जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं दिसू लागलं. पिठ्या ढेकूण. नावातच ढेकूण, त्यामुळं वाट्याचा प्रश्नच नव्हता. हा किडा मूळचा अमेरिकेतला. २००७ च्या आसपास विदर्भातल्या कपाशीवर त्यानं धुमाकूळ घातला होता, आणि तेही काँग्रेस गवताच्या आधारानं. म्हणजे एक परदेशी पाहुणा दुसऱ्याच्या घरी उतरला आणि दोघांनी मिळून यजमानाचं शेत खाल्लं. कपाशी निघाली की तो जास्वंदीवर येतो. अंगावर मेणाचं पीठ असल्यानं नुसत्या पाण्यानं भिजत नाही. साबणानं मेण सुटतं, म्हणून लिटरभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण. माहेरच्या खाऱ्या पाण्यात हे जमलंच नसतं. इथं नळाला सिंभोऱ्याच्या धरणाचं पाणी, फेस चांगला येतो. मी जुना दातांचा ब्रश घेतला आणि रोज सकाळी एकेक फांदी घासून सगळे किडे साबणाच्या वाटीत पाडू लागले. पांढरे पाडले, अधूनमधून काही तपकिरी, फुगीर, कडक दिसायचे, तेही पाडले. दोन आठवडे झाले, पिठ्या होता तेवढाच. उलट वाढला.

मग मुंग्या दिसल्या. खोडावरून वरखाली पंगत लागलेली. पिठ्या जो चिकट गोड पाझर सोडतो तो मुंग्यांचा खुराक; त्याच्या बदल्यात मुंग्या त्याची राखण करतात, त्याच्या शत्रूंना हुसकतात, पिलं उचलून नव्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. त्याच पाझरावर काळी बुरशी चढते. संत्र्यावर काळ्या माशीच्या पाझरावर चढते तिला भाऊजी कोळशी म्हणतात, तीच ही. मी खोडाला चिंधी गुंडाळली आणि चिंधीला ग्रीस लावलं. मुंग्यांची वाट तुटली. आजी असती तर म्हणाली असती, त्याईले पीठ टाक म्हणजे वर जाणार नाहीत. आजीचं इथं चुकलं असतं. मी पीठही टाकून पाहिलं, मुंग्यांनी पीठही नेलं आणि पाझरही.

दिवाळीत पुण्याहून नातू आला. त्यानं मोबाईलला एक भिंग लावून वाटीतल्या किड्यांचे फोटो काढले आणि एका तपकिरी किड्याच्या पाठीवरचं गोल भोक मला दाखवलं. "आजी, ह्याला कुणीतरी दार केलंय."

फोटो दादाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "काय करून रायली वं तू? तपकिरी हायेत त्याईले काहून पाडतं? थे मेलेच हायेत. अंदर दुसरंच हाय." आत होती एनासियस नावाची, मोहरीच्या दाण्याएवढी गांधीलमाशीच्या कुळातली माशी. ती जिवंत पिठ्याच्या पोटात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते, पिठ्या फुगून तपकिरी कडक होतो आणि ती पाठीला दार पाडून निघते, पुढच्या पिठ्याच्या शोधात. कपाशीवरचा पिठ्या पुढच्या काही वर्षांत ओसरला त्यात औषधांपेक्षा हिचा हात मोठा. तिला कुणी विकत आणून सोडलं नव्हतं, पिठ्याच्या मागोमाग ती आपली आली. आणि मी दोन आठवडे रोज सकाळी, अत्यंत नैसर्गिक पद्धतीनं, तिची पिलं साबणाच्या पाण्यात बुडवत होते.

त्या दिवसापासून ब्रश फक्त पांढऱ्यांवर. तपकिरी तसेच ठेवायचे. काही पांढरेही ठेवायचे, नाहीतर तिला अंडी घालायला जागा कुठली. वाटा म्हणजे काय हे मला साठी उलटल्यावर, एका जास्वंदीखाली पाटावर बसून कळलं. आजी दयाळू होती म्हणून वाटा काढत होती असं मी समजत आले होते. असेलही दयाळू, पण ढेकणांना तपवताना तिची दया कुठं जायची?

गेल्या वर्षी मी गच्चीवर अशी जास्वंदीपाशी बसलेली असताना खाली आमच्या ह्यांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ, पाचव्या दिवशी प्लेटलेट उतरलेल्या. डेंगू. आठवडा दवाखान्यात गेला. घरी आलो त्या दुपारी पाहणी करणारी आरोग्यसेविका आली. मी तिला मोठ्या अभिमानानं गच्चीकडे नेऊ लागले, कुंड्यांखाली एकाही ताटलीत पाणी नाही, टाकीला जाळी, सगळं चोख. ती बाई गच्चीवर आलीच नाही. तिनं बैठकीच्या खिडकीतल्या कूलरचं दार उघडलं, आत बॅटरी मारली आणि मला वाकून बघायला सांगितलं. तळाशी चार बोटं पाणी होतं, जूनपासून तसंच राहिलेलं, आणि त्यात स्वल्पविरामासारख्या अळ्या वळवळत होत्या. पाऊस आला, कूलर बंद केला, पाणी कुणी काढलं नाही. उन्हाळ्यात वऱ्हाडात कूलर नाही असं घर नाही, आणि दसऱ्यापर्यंत तो खिडकीतून हलत नाही. गावं स्वच्छ करत फिरलेले गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचा खराटा आमच्या चौकातल्या पुतळ्याच्या हातात आहे, आणि घरात मी अर्कांचं पिंप भरून बसलेले.

त्या बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगते. डासाचं अंड्यापासून पंखापर्यंत आठ-दहा दिवसांत होतं, म्हणून आठवड्यातला एक दिवस सगळं पाणी उपसायचं, चुकवायचं नाही. आणि नुसतं पाणी काढून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेघेच्या वर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोनमहिने जिवंत राहतात. त्यामुळं हे वाचून झालं की उठा, कूलर मागं ओढा, पाणी काढून टाका, आणि टाकी आतून काथ्यानं घासून चार दिवस उन्हात पालथी घाला.